लचकला की तुटला?

सोमवारी सकाळी ऑफिसच्या लिफ्टमध्ये एखादा इसम एका पायावर भार देऊन, चेहऱ्यावर शक्य तितकं हसू ठेवून उभा असला, की समजावं, स्वारी काल रात्री टर्फवर होती. विचारा त्याला, काय झालं? उत्तर ठरलेलं. 'काही नाही यार, पाय मुरगळला.' आता हा पाय म्हणजे कमरेपासून अंगठ्यापर्यंत कुठलाही भाग असू शकतो. आणि 'मुरगळला' म्हणजे त्याचं काहीही झालेलं असू शकतं. स्नायू ताणला असेल, लिगामेंट फाटलं असेल, नडगीवर कुणाचा तरी बूट बसला असेल, नाहीतर नुसताच पोटरीत गोळा आला असेल. लिफ्ट सातव्या मजल्यावर पोचेपर्यंत तीन जणांनी तीन इलाज सांगितलेले असतात. बर्फ लाव. गरम पाण्यानं शेक. आमच्या गल्लीत एक जण आहे, असा झटका देतो ना...

गंमत म्हणजे हाच प्राणी शनिवारी रात्री मॅच बघताना सगळं इंग्रजीत सांगत असतो. 'गेलं त्याचं हॅमस्ट्रिंग, चार आठवडे आऊट!' प्रीमियर लीगच्या वीसच्या वीस टीममधलं कोण कशानं बाहेर आहे, सगळं तोंडपाठ. फँटसी लीगची टीम लावायची असते ना! स्वतःच्या पायाची वेळ आली की मात्र 'मुरगळला'.

मी कोल्हापूरची. म्हणजे फुटबॉल हा आमच्याकडे नुसता खेळ नाही, पेठेपेठेतला मामला आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावं ऐकून परगावच्या माणसाला वाटतं, कुस्तीच्या तालमी असाव्यात. बरोबर वाटतं! तालमींनीच पुढे फुटबॉलच्या टीम काढल्या. शाहू स्टेडियमवर या टीमची आपसात मॅच असली की त्या दिवशी पेठेत दुसरं काही बोलायची सोय नसते. आणि खेळ तालमीतून आला म्हणून दुखापतीवरचा इलाजही तालमीचाच. तेल, रगडणं, आणि 'काय हुत न्हाई, ऊठ'. हे शेवटचं औषध सगळ्यात जास्त खपतं.

इंग्रजी शब्द आमच्या घरात आले ते केबलवरून. साल २००२. मी पाचवीत, दादा नववीत, दोघंही मराठी माध्यमात. त्या वर्षी १० एप्रिलला मँचेस्टर युनायटेड आणि देपोर्तिवो ला कोरुन्याच्या मॅचमध्ये आल्दो दुशेरनं डेव्हिड बेकहॅमला टॅकल केलं आणि बेकहॅमच्या डाव्या पायातलं एक हाड मोडलं. पावलाच्या मधल्या भागात, बोटांच्या मागे, पाच लांबट हाडं असतात. त्यातलं दुसरं. नाव मेटाटार्सल. वर्ल्डकप सात आठवड्यांवर आलेला आणि इंग्लंडच्या कॅप्टनचं हाड मोडलेलं! तिकडच्या एका पेपरनं बेकहॅमच्या पायाचा फोटो छापून वाचकांना त्यावर हात ठेवायला सांगितलं, हाड लवकर जुळावं म्हणून. आपल्याकडे नवस बोलतात, तिकडे हे. जुळलं म्हणा हाड. ७ जूनला अर्जेंटिनाविरुद्ध पेनल्टीवर गोलही केला त्यानं.

तर, 'मेटाटार्सल' हा आमच्या वहीतला पहिला शब्द. दादाच्या रफ वहीची मागची पानं. तीन रकाने आखले होते: शब्द, कुणाला झालं, किती दिवस बाहेर. शब्द देवनागरीत, कारण स्पेलिंग दोघांनाही येत नव्हतं. आणि अर्थासाठी डिक्शनरी उघडायची गरजच पडायची नाही, तिसरा रकाना होता की! 'क्रॅम्प' झाला की गडी गवतावर आडवा होतो, दुसरा कोणी तरी त्याचा पंजा वर दाबतो, आणि दोन मिनिटांत तो पळायला लागतो. म्हणजे आपला पोटरीतला गोळा. 'नॉक' म्हणजे कुठेतरी लागलंय, पण पुढच्या मॅचला बहुतेक दिसेल. 'निगल' म्हणजे कुरकुरणारं, न जाणारं, बारीक दुखणं. खेळेल, पण पळताना सारखा तिथे हात जाईल. 'हॅमस्ट्रिंग' म्हणजे तीन-चार आठवडे, कधी त्याहून जास्त. आणि 'क्रुशिएट' म्हणजे पुढच्या सीझनला भेटू. शब्दाचा अर्थ आम्ही दिवसांत मोजून शिकलो, आणि अजूनही मला वाटतं, दुखापतीचं इंग्रजी शिकायची हीच पद्धत बरी. कॅलेंडर समोर ठेवून.

वहीतला सगळ्यात मोठा आकडा ब्राझीलच्या रोनाल्डोसमोर होता. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर १२ एप्रिल २००० ला तो लाझिओविरुद्ध इंटरकडून मैदानात उतरला, आणि सहा-सात मिनिटांत, कुणाचा धक्का नाही की काही नाही, कोसळला. पटेलर टेंडन तुटला. गुडघ्याची वाटी आणि नडगीचं हाड यांना बांधणारा जाड पट्टा असतो, तो. (पटेला हा मूळ लॅटिन शब्द, अर्थ छोटी ताटली. आपण वाटी म्हणतो. स्वयंपाकघर दोघांनीही सोडलं नाही!) पण २००२ च्या वर्ल्डकपमध्ये तोच माणूस आठ गोल करून गेला, त्यातले दोन फायनलमध्ये, जर्मनीला. दादानं तिसऱ्या रकान्यातला आकडा खोडून तिथे लिहिलं, 'आला परत'.

पुढे मी पुण्यात नोकरीला आले. अकाउंट्समध्ये आहे, आणि आठवड्यातून दोनदा रात्री नऊनंतर आम्हा मुलींची टीम टर्फवर खेळते. पावणेदहाला कोणी ना कोणी पाय धरून बसतंच. नशिबानं टीममधली एक जण फिजिओथेरपिस्ट आहे. वहीची गोष्ट तिला सांगितली तर म्हणाली, 'तुमच्या वहीत चौथा रकाना हवा होता. आता काय करायचं.' आणि मग तिनं शिकवणी घेतली.

पहिला धडा, स्प्रेन आणि स्ट्रेन. दिसायला जुळे भाऊ, आणि आपण दोघांनाही 'लचकणं' म्हणून मोकळे होतो. स्प्रेन होतो लिगामेंटला, म्हणजे हाडाला हाडाशी बांधणाऱ्या पट्ट्याला. धावताना घोटा आत वळला, बाहेरच्या बाजूला सूज आली, हा स्प्रेन. स्ट्रेन होतो स्नायूला, किंवा स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या टेंडनला. स्प्रिंट मारताना मांडीच्या मागे कोणी खडा मारल्यासारखं झालं, हा स्ट्रेन. लक्षात ठेवायची युक्ती: स्ट्रेनमध्ये ट आहे, टेंडनचा ट. दोन्हींची ग्रेड असते. पहिली, नुसतं ताणलंय. दुसरी, अर्धवट फाटलंय. तिसरी, पूर्ण तुटलंय. तेव्हा डॉक्टर 'स्प्रेन आहे' म्हणाले की हुश्श करून उठू नका. कितव्या ग्रेडचा, ते विचारा. तिसऱ्या ग्रेडचा स्प्रेन म्हणजे लिगामेंटचे दोन तुकडे!

'हॅमस्ट्रिंग' म्हटलं की अनेकांना सँडविचमधला हॅम आठवतो. तसा तो लांबचा नातेवाईक आहेच. जुन्या इंग्रजीत हॅम म्हणजे गुडघ्यामागची खोलगट जागा, आपली लवण. खुर्चीत बसल्या बसल्या गुडघा वाकवा, टाच जमिनीत रुतवा आणि लवणीत हात घालून बघा. दोन्ही बाजूंना दोऱ्या लागतील ताठ. त्याच त्या स्ट्रिंग. मांडीच्या मागच्या तीन स्नायूंचं हे एकत्र नाव आहे, आणि जोरात पळता पळता एकदम मांडी धरून थांबणारा प्लेअर बहुतेकदा यातल्याच एकाचा बळी असतो.

मग 'ग्रॉइन'. या शब्दापाशी कॉमेंटेटर जरा घाईनं पुढे जातात. आपल्याकडे त्याला स्वच्छ शब्द आहे, जांघ. पण सांभाळून! आमच्या ऑफिसच्या टीममधला लखनौचा एक मुलगा 'जांघ में खिंचाव है' म्हणाला, तर मराठी पब्लिकनं त्याला काळजीनं, थोडं लाजत, घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी कळलं की हिंदीत जांघ म्हणजे मांडी. दोन भाषांत मिळून बिचाऱ्याची दुखापत वीतभर वर सरकली होती. म्हणून तरी 'ग्रॉइन' आणि 'थाय' हे दोन शब्द मिक्स टीममध्ये पाठ असलेले बरे.

मात्र सगळंच इंग्रजी आपल्यापेक्षा सरस आहे असं मला कोणी सांगू नये. मांडीवर कुणाचा गुडघा बसला, वरून काही दिसत नाही, आत मात्र ठणकतंय, याला इंग्रजीत 'डेड लेग' म्हणतात. मेलेला पाय! डॉक्टरी भाषेत 'कन्ट्यूजन'. आणि आपण? मुका मार. मार बसलाय, पण बोलत नाही. कुठल्याही भाषेतून याहून नेमका शब्द आणून दाखवा. एकच लक्षात ठेवायचं, या मुक्याला लगेच रगडून बोलतं करायचं नाही. ताज्या मुक्या मारावर जोरात मालिश केलं तर आतला रक्तस्राव वाढतो, आणि क्वचित त्या स्नायूत हाडासारखा कडकपणा धरतो. पहिले दोन-तीन दिवस मालिश नाही, शेक नाही, दारू नाही, पळणं नाही. (दारूचं ऐकून आमच्या ऑफिसच्या टीमनं सामुदायिक सुस्कारा सोडला.)

बर्फाचं काय, हे तुम्ही विचारणारच. 'राइस' नावाचा मंत्र ऐकला असेल: रेस्ट, आइस, कॉम्प्रेशन, एलिव्हेशन. गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरनं १९७८ मध्ये तो दिला, आणि पुढे त्यानंच लिहिलं की बर्फानं दुखणं कमी वाटतं, पण भरून येण्याची क्रिया रेंगाळू शकते. आता फिजिओ लोक 'पीस अँड लव्ह' म्हणतात. हसू नका, खरंच म्हणतात. सुरुवातीला जपा, पाय उंच ठेवा, पट्टी बांधा; मग हळूहळू भार द्या, व्यायाम करा, आणि मन उत्साही ठेवा. त्यातला ओ चक्क 'ऑप्टिमिझम'चा आहे. थोडा वेळ बर्फ लावून बरं वाटत असेल तर लावावा, असं आमच्या फिजिओबाईंचं मत. त्यावर विसंबून तासाभरानं परत मैदानात उतरू नये, हेही त्यांचंच.

आणि एक शब्द असा, ज्याला दुसरा इलाजच नाही, तडक बाहेर यायचं. 'कन्कशन'. डोक्याला मार बसून मेंदू हादरणं. त्यासाठी बेशुद्ध पडावंच लागतं असं नाही. २०१४ च्या वर्ल्डकप फायनलमध्ये जर्मनीच्या क्रिस्टोफ क्रामरच्या डोक्याला जोरदार धक्का बसला. तो खेळत राहिला. थोड्या वेळानं त्यानं रेफ्रीलाच विचारलं, ही फायनल आहे का? मग त्याला बाहेर काढलं. कोण म्हणेल हा विनोद आहे! आपल्याकडे 'जरा झीट आली' म्हणून तोंडावर पाणी मारतात आणि पोराला परत आत ढकलतात. तुमच्या टर्फवर कोणी स्कोअर दोनदा विचारला, गोंधळलेला दिसला, उलटीसारखं वाटतंय म्हणाला, तर त्याचा गेम तिथेच संपला. त्याला एकट्याला गाडी चालवत घरीही सोडायचं नाही. थेट डॉक्टर.

इथवर सगळं हसतखेळत. आता मागच्या सीझनचं सांगते.

माझी आत्येबहीण बारावीत होती. आमच्या खानदानात मुलीनं फुटबॉलची टीम गाठलेली ही पहिलीच. मी शाळेत होते तेव्हा मुलींनी बॉल आणून द्यायचा असायचा. हिनं बॉल ठेवूनच घेतला. डिसेंबरात प्रॅक्टिसला पळता पळता वळली आणि पडली. जवळपास कोणी नव्हतं. मैदानावरच निदान झालं, गुडघा लचकला. आत्याचे यजमान, त्यांना आम्ही मामाच म्हणतो, तरुणपणी तालमीत घुमलेले. ते म्हणाले, 'लचाकलाय नुसता. चार दिस रगडला की पळत सुटंल.' डॉक्टरांकडे नेलं. एक्स-रे काढला. नॉर्मल! हाड शाबूत. सगळ्यांना केवढा आनंद. दहाव्या दिवशी पोरगी चालायला लागली, तिसऱ्या आठवड्यात मैदानावर गेली, आणि दहा मिनिटांत परत पडली.

एक्स-रेमध्ये हाड दिसतं. लिगामेंट दिसत नाही. ही एवढी माहिती त्या घरात कुणाकडे नव्हती, आणि त्यात त्यांचा काही दोषही नाही. 'नॉर्मल' हा शब्द ऐकल्यावर पुढे कोण विचारतं?

रात्री तिचा फोन आला. 'ताई, माझा पाय नाटकं करतोय असं सगळी म्हणाय लागलीत.' मी डॉक्टर नाही. पण फिजिओ मैत्रिणीनं गुडघ्यासाठी तीन प्रश्न पाठ करून घेतले होते. तेच विचारले, मराठीत. पहिल्यांदा पडलीस तेव्हा आतून काही आवाज आला का? 'आला की. टाक् झालं, वाळकी काटकी मोडल्यागत.' सूज कधी आली? 'घरी येईस्तोवर भोपळा झालता.' आणि आता चालताना? यावर ती जरा थांबली. 'जिना उतरताना गुडघा सुटतोय, ताई. म्हंजे दुखत न्हाई फार. पण तो जागंवर नसतोयच.'

इंग्रजीत याला 'पॉप', तासाभरात आलेलं 'स्वेलिंग' आणि 'गिव्हिंग वे' म्हणतात. तिन्ही एकत्र म्हणजे वहीतला शेवटचा शब्द. क्रुशिएट. खात्री एमआरआयशिवाय होत नाही, पण हाडांच्या डॉक्टरकडे त्याच आठवड्यात जायला एवढं पुष्कळ होतं. 'गुडघा सुटतो' हे तिचं वर्णन मी जसंच्या तसं कागदावर लिहून पाठवलं, आणि म्हटलं, तिथे 'गुडघा दुखतो' अजिबात म्हणायचं नाही. दुखणाऱ्या गुडघ्याला गोळी मिळते. सुटणाऱ्या गुडघ्याला तपासतात.

एमआरआयचा रिपोर्ट आला तो व्हॉट्सअॅपवर, फोटो काढून. सगळा इंग्रजीत, बारीक टाइपात. तिकडे स्पीकर फोन लावून आत्या, मामा, ती आणि शेजारच्या दोन काकू, इकडे ऑफिसच्या पँट्रीत मी. एकेक ओळ वाचत गेले. 'बोन कन्ट्यूजन' म्हटल्यावर मामा उसळले. 'कन्फ्यूजन? डाक्टरलाच कन्फ्यूजन हाय म्हणतोय न्हवं!' मामा, कन्ट्यूजन. हाडाला मुका मार. 'आसं हुय.' 'इफ्यूजन' म्हणजे सांध्यात पाणी. 'मीनिस्कस इन्टॅक्ट', गुडघ्यातल्या गाद्या शाबूत, ही चांगली बातमी. एवढं सगळं सांगून झालं, कारण पहिली ओळ मी शेवटी ठेवली होती. 'कम्प्लीट टेअर ऑफ अँटीरिअर क्रुशिएट लिगामेंट.'

म्हणजे काय, हे सांगावं लागलं. गुडघ्याच्या आत दोन दोर असतात, एकमेकांवर फुली मारल्यासारखे. क्रुशिएट म्हणजे फुलीसारखा. त्यातला पुढचा दोर, ज्याला एसीएल म्हणतात, तो नडगीच्या हाडाला पुढे घसरू देत नाही. वळताना, उडी मारून उतरताना तोच गुडघ्याला जागेवर धरतो. तो तुटला की सहसा आपला आपण नीट जुळत नाही. सरळ चालता येतं, म्हणून तर 'बरा झाला' असं वाटतं. वळायला गेलं की सुटतो.

तिकडे कोणीच बोलेना. मग आत्यानं विचारलं, 'म्हंजे आता हिचा खेळ बंद?'

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न वेगळ्या सुरात विचारला जातो, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. मुलाला विचारतात, परत कधी खेळणार? मुलीला विचारतात, बंद ना आता? खरी गोष्ट अशी की एसीएल तुटण्याचा धोका मुली खेळाडूंना मुलांच्या निदान दुप्पट असतो. कारणांवर अजून वाद चालू आहेत. शरीराची ठेवण, हॉर्मोन्स, आणि मुलींना मिळणारं कमी ट्रेनिंग, सगळ्यांची नावं घेतली जातात. २०२३ च्या महिला वर्ल्डकपला लिआ विल्यमसन, बेथ मीड आणि फिफियाना मिडेमा या तिघी याच दुखापतीनं मुकल्या, आणि तिघी तेव्हा एकाच क्लबच्या, आर्सेनलच्या! पण पुढचंही सांगायला हवं. २०२५ ची युरो स्पर्धा इंग्लंडनं जिंकली तेव्हा विल्यमसन कॅप्टन होती आणि मीड टीममध्ये होती.

तेव्हा मी आत्याला एवढंच म्हटलं, बंद नाही. पण हे आठवड्यांचं काम नाही, महिन्यांचं आहे. नऊ-दहा महिने धरा.

ऑपरेशन बारावीच्या परीक्षेनंतर करायचं ठरलं. तोवर सूज उतरवणं, गुडघा पूर्ण सरळ करणं, मांडीत ताकद आणणं. भिशीचे पैसे मामांनी उचलले, आणि पेपरला तिला पाय लांब करता येईल अशी कडेची जागा मिळावी म्हणून आत्या शाळेत जाऊन आली. ऑपरेशनमध्ये काय करतात हे सर्जननी घरच्यांना समजावलं. मांडीच्या मागच्या हॅमस्ट्रिंगचा एक टेंडन काढायचा आणि तुटलेल्या दोराच्या जागी बसवायचा. याला 'ग्राफ्ट' म्हणतात. इतके दिवस प्रत्येक इंग्रजी शब्दाला कपाळाला आठ्या घालणारे मामा म्हणाले, 'म्हंजे कलम की! आंब्याचं करत्यात तसं. सरळ सांगा की मग.' आणि कलमाला धरायला वेळ लागतो, घाई केली की वाळतं, हे शेतकऱ्याच्या त्या मुलाला कोणी सांगायला लागलं नाही. ऑपरेशन झाल्यापासून ते त्या गुडघ्याला तेलाचा हात लावू देत नाहीत कुणाला.

फिजिओ तिला मराठीतच विचारतात, कसं दुखतंय? आणि इथे आमच्या पोरीची पंचाईत अजिबात होत नाही. कळ येते, ठणका लागतो, चमक भरते, अवघडतं, शिणक मारते, आग होते. प्रत्येकाचा अर्थ वेगळा, आणि ती नेमका शब्द काढते. समोर फाइलमध्ये 'पेन'समोर नुसता एक आकडा पडतो, दहापैकी तीन. काय तुटलं हे तिनं इंग्रजीत शिकलं, कसं दुखतं हे तिला आधीच येत होतं. फिजिओ हल्ली आकड्याच्या शेजारी तिचा शब्दही देवनागरीत लिहून ठेवतात म्हणे.

मध्येच चौथ्या महिन्यात तिला वाटायला लागलं, झालं, मी बरी आहे. पळता येतंय की! याच काळात सगळे फसतात. दुखत नसतं, पण नवा दोर अजून कच्चा असतो, आणि नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जायची शक्यता बरीच जास्त असते. 'मॅच फिट' हा शब्द दादानं तेव्हा वहीत लिहिला होता, तिसरा रकाना कोरा ठेवून. तो रकाना आता ती भरतेय. एका पायावर उडी मारायची, किती लांब गेली ते टेपनं मोजायचं, मग दुसऱ्या पायाशी तुलना करायची. ऑपरेशनचा पाय चांगल्या पायाच्या निदान नव्वद टक्के आला पाहिजे. ही नुसती एक टेस्ट, अशा आणखी आहेत.

दर महिन्याला ती मोजमाप पाठवते. टेप धरायला मामा असतात. सेंटीमीटरला भांडतात म्हणे, टाच जिथे टेकली तिथून मोज, पंज्यापासून नको. परवाचा मेसेज होता: 'ताई ८४. मामा म्हणत्यात ८५ लिही. म्या न्हाई लिहिलं.'